रक्तपुरवठा कमी पडलेल्या हृदयात तेच औषध वेगळं का वागतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. आबा ६४ वर्षांचे, करवीर तालुक्यात ऊसशेती. बारा वर्षं रक्तदाबासाठी अ‍ॅम्लोडिपिन ५ ही एकच गोळी विनातक्रार चालू होती. गेल्या महिन्यात चढ चढताना छाती दडपून आली म्हणून अँजिओग्राफी झाली. हृदयाच्या पुढच्या भिंतीला रक्त देणाऱ्या डाव्या धमनीत ८० टक्के आणि उजव्या धमनीत ६० टक्के अडथळा निघाला. अँजिओप्लास्टी तीन आठवड्यांनी आहे. तोवर मेटोप्रोलॉल ५०, आयसोसॉर्बाइड मोनोनायट्रेट ३०, अ‍ॅस्पिरिन ७५, क्लोपिडोग्रेल ७५ आणि अ‍ॅटोरव्हास्टॅटिन ४० या गोळ्या वाढल्या. आबा सगळ्या गोळ्या पहाटे उठल्या उठल्या चहाबरोबर घेतात आणि उसाला पाणी पाजायला जातात. तिथं चक्कर येते, नाडी ५४ लागते. मुलगा विचारतो, नळीच अरुंद झाली आहे तर गोळी पलीकडं पोहोचते तरी का? आणि माणूस तोच, हृदय तेच, मग औषध आता वेगळं का लागू पडतं?

दोन्ही प्रश्नांची मुळी एकच आहे. रक्त कमी पडायला लागलं की छातीत जणू दोन हृदयं नांदायला लागतात, एक पोटभर जेवलेलं आणि एक अर्धपोटी. गोळी दोघांनाही एकाच रक्तातून मिळते, पण दोघं तिला सारखी दाद देत नाहीत. फायदा होतो तोही या फरकामुळं आणि घात होतो तोही या फरकामुळंच. हे नीट कळलं की पुढचं बरंचसं आपोआप उलगडतं.

आधी निरोगी हृदयाचं बघू. माणूस निवांत बसलेला असताना हृदयाच्या स्वतःच्या धमन्यांतून मिनिटाला साधारण पाव लिटर रक्त वाहतं. हातापायाचे स्नायू विसाव्यात असताना रक्तातला थोडाच प्राणवायू काढून घेतात, बाकीचा परत जातो. हृदय मात्र बसल्या जागीच ७० ते ७५ टक्के प्राणवायू काढून घेतं. म्हणजे काम वाढलं तर त्याच रक्तातून आणखी काढायला फारसं उरत नाही. जास्त रक्त आणणं एवढाच मार्ग राहतो. निरोगी हृदय हा प्रवाह चार-पाच पट वाढवू शकतं. ही त्याची राखीव ताकद.

धमनी अरुंद होऊ लागली की पहिला घाला या राखीव ताकदीवर पडतो. व्यास साधारण ५० टक्क्यांनी घटल्यापासून जास्तीत जास्त प्रवाह कमी व्हायला लागतो, पण विसाव्यातला प्रवाह ८५-९० टक्के अडथळ्यापर्यंत टिकून राहतो. म्हणूनच आबांना खाटेवर काही होत नाही आणि चढावर छाती दडपते. विसाव्यातला प्रवाह टिकतो तो अडथळ्याच्या पुढच्या बारीक रक्तवाहिन्या आधीच रुंद होऊन बसल्यामुळं. हा मुद्दा पक्का लक्षात ठेवा. त्या भागात रुंद व्हायला जे काही शिल्लक होतं, ते खर्चून झालेलं असतं.

आता पाटाच्या पाण्याचा हिशेब डोळ्यांपुढं आणा. एकाच पाटावर वरची शेतं आहेत आणि टेलची आहेत. टेलच्या शेतकऱ्यानं आपलं दार आधीच पूर्ण मोडून ठेवलं आहे, तरी जेमतेम पाणी येतं. वरच्यांची दारं अर्धवट झाकलेली आहेत. अशात कुणी फर्मान काढलं की सगळ्यांनी दारं सताड उघडा, तर वरची शेतं तुडुंब होतील आणि टेलचं आहे तेही पाणी तुटेल. बारीक वाहिन्या जोरात रुंद करणाऱ्या औषधांचं हृदयात असंच होतं. निरोगी भागातल्या वाहिन्या उघडतात, प्रवाह तिकडं वळतो आणि उपाशी भाग आणखी उपाशी राहतो. डायपिरिडॅमोल हे जुनं औषध यासाठीच ओळखलं जातं. हाच फरक तपासणीतही कामाला येतो. वाहिन्या रुंद करणारं अ‍ॅडेनोसिन देऊन स्कॅन काढतात तेव्हा निरोगी भाग भरून दिसतो, अडथळ्यामागचा भाग फिका राहतो आणि अडथळा खरोखर किती जाचतो ते समजतं.

हृदयाच्या भिंतीतही टेलचं शेत असतं. धमन्या हृदयाच्या बाहेरच्या पृष्ठभागावरून जातात आणि फांद्या आत शिरतात, त्यामुळं सगळ्यात आतला थर रांगेत शेवटचा. त्यातून डावा कप्पा आकुंचन पावताना स्वतःच्याच आतल्या वाहिन्या दाबून टाकतो; त्या थराला रक्त मिळतं ते मुख्यतः दोन ठोक्यांमधल्या विसाव्यात. नाडी ६० असेल तर प्रत्येक ठोक्याला एक सेकंद मिळतो आणि त्यातला साधारण दोन तृतीयांश वेळ विसाव्याचा असतो. नाडी १२० झाली की ठोक्याला अर्धा सेकंद, आणि कात्री लागते ती मुख्यतः विसाव्याच्या वेळेला. निरोगी माणसाला हे जाणवतही नाही. आबांच्या हृदयाला मात्र मागणी दुप्पट आणि पाण्याची पाळी अर्धी, असा दुहेरी मार बसतो.

मेटोप्रोलॉलसारखी गोळी आबांना का दिली, याचं उत्तर इथं आहे. ती अडथळ्याला हातही लावत नाही. नाडी मंद करून विसाव्याची वेळ वाढवते आणि आकुंचनाचा जोर कमी करून प्राणवायूची मागणी घटवते. विसाव्यात नाडी ५५ ते ६० ठेवणं हे ठरवून गाठायचं लक्ष्य असतं, म्हणून ५४ हा आकडा एकटा भीतीचा नाही. चक्कर सोबत असेल तर मात्र त्याचा वेगळा विचार करावा लागतो. त्याकडं शेवटी येतो.

आयसोसॉर्बाइड या नायट्रेटचंही तसंच. तो उपाशी भागात पोहोचून जादू करतो असा समज आहे, पण त्याचं मोठं काम पायांतल्या आणि पोटातल्या शिरांमध्ये होतं. शिरा सैल पडतात, हृदयाकडं परतणारं रक्त कमी होतं, डाव्या कप्प्यातला दाब उतरतो आणि आतल्या थरावर बसलेलं दडपण हलकं होतं. शिवाय तो बारीक वाहिन्यांपेक्षा मोठ्या धमन्या आणि आडवाटेनं रक्त आणणाऱ्या जोडवाहिन्या जास्त रुंद करतो, त्यामुळं टेलचं पाणी तुटत नाही. म्हणजे तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर असं: आबांच्या छातीच्या दुखण्यावरच्या बहुतेक गोळ्यांना अरुंद नळीतून पलीकडं पोहोचण्याची फारशी गरजच नाही. त्या बाकीच्या शरीराकडून हृदयाचा भार उतरवतात.

नायट्रेटची एक खोड आहे. चोवीस तास रक्तात सारखा राहिला तर एक-दोन दिवसांत शरीर त्याला सरावतं आणि दाद देईनासं होतं. म्हणून रोज १० ते १२ तासांची मोकळी वेळ लागते, बहुधा रात्रीची. दिवसातून एकदा घ्यायच्या लांब पल्ल्याच्या गोळीत ही मोकळीक धरलेलीच असते. मनानं संध्याकाळी दुसरी गोळी घेतली तर जास्त फायदा होण्याऐवजी सकाळच्या गोळीचाही असर बोथट होतो.

अ‍ॅम्लोडिपिन हळूहळू चढतं आणि हळूहळू उतरतं, म्हणून अशा हृदयालाही सहसा मानवतं. त्याच घराण्यातलं झटपट चढणारं निफेडिपिन मात्र वेगळं. बीपी वाढलं की कॅप्सूल टोचून जिभेखाली पिळायची, ही पद्धत एके काळी सर्रास होती आणि कुठं कुठं अजून दिसते. दाब धाडकन पडतो, शरीर घाबरून नाडी वाढवतं, आणि अरुंद धमनीच्या पलीकडं ढकलणारा दाबच नाहीसा होतो. अशानं हार्ट अटॅक आलेले आहेत. कुणी कितीही आग्रह केला तरी आबांना हे देऊ देऊ नका.

आता उपाशी पेशीच्या आत काय बदलतं ते पाहू, कारण दुसऱ्या प्रश्नाचं खरं उत्तर तिथं आहे. रक्त पूर्ण तुटलं तर तो भाग काही सेकंदांत आकुंचन पावायचा थांबतो. पेशी प्राणवायूशिवाय साखर जाळायला लागते आणि आम्ल साचतं. पोटॅशियम बाहेर गळतं. एरवी ४ च्या आसपास असणारी पेशीबाहेरची पातळी दहा मिनिटांत त्या भागापुरती १० मिलिमोलच्या वर जाऊ शकते. त्यामुळं पेशीचा विद्युतभार उतरतो आणि विजेची लाट उठवायला सोडियम आत घेणारे पेशीचे बरेच दरवाजे अर्धवट मिटून अडकतात. रक्ततपासणीत यातलं काहीच दिसत नाही, कारण सगळं हृदयाच्या एका तुकड्यात चाललेलं असतं.

याचा सगळ्यात मोठा धडा हृदयाचे बिघडलेले ठोके आवरणाऱ्या औषधांनी शिकवला. लिग्नोकेन हे अशा मिटून अडकलेल्या दरवाजांनाच जास्त चिकटतं. निरोगी पेशीवर त्याचा परिणाम थोडा, उपाशी पेशीवर जास्त. म्हणून अटॅकमधल्या धोकादायक ठोक्यांवर त्याचा उपयोग होतो. फ्लेकेनाइड आणि एन्केनाइड ही औषधं दरवाजांना घट्ट धरून बसतात, लवकर सोडत नाहीत. अटॅक येऊन गेलेल्यांचे जादा ठोके ती कागदावर सुंदर बंद करत. म्हणून जीवही वाचत असतील असं सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. कास्ट या चाचणीत ते तपासलं गेलं आणि १९८९ साली हा भाग मध्येच थांबवावा लागला. सरासरी दहा महिन्यांत औषध घेणाऱ्या ७५५ जणांपैकी ६३ दगावले होते, खोटी गोळी घेणाऱ्या ७४३ पैकी २६. कारण पुन्हा तेच. व्रण आणि उपाशी तंतू यांच्यातून विजेची लाट आधीच रखडत जात होती. औषधानं तिला आणखी रखडवलं, आणि ती निरोगी भागात उलटी फिरून गोल गोल धावायला लागली. ईसीजी सुधारला म्हणून रुग्ण सुधारला असं धरायचं नाही, हे त्या चाचणीनं हृदयरोगतज्ज्ञांना कायमचं शिकवलं.

लिग्नोकेनच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडते आणि ती हृदयाबाहेरची आहे. हे औषध यकृतात मोडतं, आणि किती वेगानं मोडणार ते यकृतात किती रक्त येतं त्यावर ठरतं. हृदयाचा पंप कमजोर झाला की यकृताचंही रक्त कमी होतं आणि तेवढाच डोस अंगात साचत जातो. ओठांभोवती मुंग्या, बडबड, गोंधळ, मग झटके. म्हणून अशा रुग्णात सलाइनमधला वेग निम्म्यावर आणतात. हृदयाचा जोर वाढवणाऱ्या डिगॉक्सिनचं हेच मूत्रपिंडाबाबत होतं. त्यात लघवीच्या गोळीनं पोटॅशियम खाली गेलं तर नेहमीचाच डोस विषासारखा वागतो. शेजारच्याचा डोस आपल्याला लावायचा नाही असं डॉक्टर सांगतात, त्यामागं हा हिशेब आहे.

हृदयाचा जोर वाढवणाऱ्या औषधांत हा फरक डोळ्यांनी बघता येतो. काही वेळा रक्त दीर्घकाळ कमी मिळाल्यानं भिंतीचा एखादा भाग काम आवरतं घेतो. तो मेलेला नसतो, आहे त्यात तग धरून बसलेला असतो. हे ओळखायला डोब्युटामिन देत देत सोनोग्राफी करतात. वजनाच्या दर किलोला मिनिटाला ५ ते १० मायक्रोग्रॅमवर ती झोपलेली भिंत हलायला लागते, जाड होऊन आत येते. डोस २०, ३०, ४० असा वाढवला की तीच भिंत पुन्हा थबकते, कारण मागणी वाढली आणि रक्त काही वाढलं नाही. निरोगी भिंत शेवटपर्यंत जोर वाढवत जाते. मेलेली सुरुवातीपासून हलतच नाही. एकच औषध, एकच हृदय, आणि पडद्यावर शेजारीशेजारी तीन वेगळी उत्तरं. जी भिंत आधी उठते आणि मग खचते, तिचा रक्तपुरवठा पूर्ववत केला तर ती सुधारण्याची शक्यता सगळ्यात जास्त.

आम्ल फार साचलं तर हीच औषधं बोथट होतात. स्नायूचे धागे कॅल्शियमला दाद देईनासे होतात, रक्तवाहिन्या अ‍ॅड्रेनालिनला जुमानत नाहीत. शॉकमधल्या, म्हणजे रक्तदाब कोसळलेल्या, रुग्णाचा औषधाचा वेग वाढवत नेला तरी दाब चढत नाही, त्यामागं पुष्कळदा हे असतं. अशा वेळी श्वास, प्राणवायू आणि बंद धमनी यांच्याकडं वळावं लागतं. नुसतं औषध वाढवून निभावत नाही.

हार्ट अटॅकमध्ये मात्र औषध पोहोचण्याचा प्रश्न अगदी शब्दशः उभा राहतो. धमनी पूर्ण बंद झाली की २०-३० मिनिटांत आतल्या थरातल्या पेशी मरू लागतात आणि मरण काही तासांत बाहेरच्या थराकडं सरकतं. गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनला रक्ताच्या दाबानं गुठळीत शिरावं लागतं. दाब कोसळलेला असेल तर ते गुठळीच्या तोंडाशीच अडखळतं, म्हणून शॉकमध्ये या इंजेक्शनवर भिस्त ठेवता येत नाही, तातडीची अँजिओप्लास्टीच लागते. दाब ठीक आहे पण १२० मिनिटांत अँजिओप्लास्टी होणार नाही, अशी गत चंदगड, गगनबावडा, शाहूवाडीच्या वाड्यांवरच्या माणसांची होते. त्यांच्यासाठी जवळच्या सोयीच्या दवाखान्यात लगेच मिळालेलं टेनेक्टेप्लेज किंवा स्ट्रेप्टोकायनेज लाखमोलाचं असतं. इंजेक्शननंतर ६० ते ९० मिनिटांनी ईसीजीतली उंचावलेली रेघ निम्म्याहून जास्त खाली आली नाही, तर औषध पोहोचलं नाही असं समजून लगेच पुढं हलवायचं. कोल्हापुरात पोहोचल्यावर ठरवू म्हणून ईसीजी काढायचाच सोडला, तर जो वेळ जातो तो कुठल्याही औषधानं भरून निघत नाही.

अटॅकमध्ये पोटाचाही रक्तपुरवठा आखडतो. उलट्या होतात, गोळी जठरातच पडून राहते, आणि वेदनेसाठी मॉर्फिन दिलं असेल तर आतडं आणखी मंदावतं. म्हणून अ‍ॅस्पिरिन गिळायची नाही, चावून खायची. ३०० ते ३२५ मिलिग्रॅम, आणि वरून लेप नसलेली. लेपाची गोळी आतड्यात जाऊन विरघळते आणि तिथं पोहोचायलाच वेळ लागतो. घरात ७५ च्या साध्या गोळ्या असतील तर चार चावायच्या. अ‍ॅस्पिरिनची अ‍ॅलर्जी असेल किंवा पोटातून रक्तस्राव चालू असेल तर नाही.

मेटोप्रोलॉल एरवी इतकं उपकारक, पण अटॅकच्या पहिल्या तासांत शिरेतून सरसकट देणं धोक्याचं ठरलं. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या, चीनमधल्या ४५,८५२ रुग्णांच्या चाचणीत दर हजारी पाच जणांचा पुन्हा येणारा अटॅक टळला, पाच जणांच्या हृदयाची जीवघेणी थरथर टळली, आणि अकरा जण जास्तीचे शॉकमध्ये गेले. हृदयाचा एक भाग बंद पडलेला असताना उरलेला भाग जोर लावून दाब टिकवत असतो; त्याचाच जोर काढून घेतला की दाब कोसळतो. नायट्रेटही असाच उलटतो, उजव्या कप्प्याला अटॅकचा फटका बसलेला असेल तेव्हा. तो कप्पा परतणाऱ्या रक्ताच्या भरवशावर चालत असतो आणि नायट्रेट नेमकं तेच कमी करतो.

म्हणून जिभेखालच्या नायट्रेटच्या गोळीची रीत नीट समजून घ्या. छाती दडपली की आबांनी आहे तिथं खाली बसायचं, बांधावर किंवा झाडाला टेकून. उभ्यानं गोळी घ्यायची नाही, दाब उतरून माणूस जमिनीवर आपटतो. तोंड कोरडं असेल तर घोटभर पाण्यानं ओलं करायचं, मग ५ मिलिग्रॅमची सॉर्बिट्रेट जिभेखाली ठेवायची, गिळायची नाही. दोन ते पाच मिनिटांत उतार पडायला हवा. पाच मिनिटांत पडला नाही, तर हे नेहमीचं दुखणं नाही असं समजून १०८ लावायचा आणि अ‍ॅस्पिरिन चावायची. एकामागून एक गोळ्या ठेवत बसायचं नाही. आधीच घाम, चक्कर किंवा वरचा दाब ९० च्या खाली असेल तर ही गोळी ठेवायचीच नाही. लैंगिक ताकदीसाठी सिल्डेनाफिल घेतलं असेल तर २४ तास, टाडालाफिल घेतलं असेल तर ४८ तास नायट्रेट वर्ज्य. आबा हे मुलाला सांगणार नाहीत. डॉक्टरांना एकट्यानं सांगायची मोकळीक त्यांना द्या.

गुडघेदुखीसाठी मेडिकलमधून आणलेलं डायक्लोफेनॅक बंद. त्यानं अटॅकचा धोका वाढतो. आयब्युप्रोफेन अ‍ॅस्पिरिनच्या आधी घेतलं तर अ‍ॅस्पिरिनची जागाच अडवतं. नाक मोकळं करणाऱ्या सर्दीच्या गोळ्यांत धमन्या आवळणारं औषध असतं, त्याही टाळा. दुखण्यावर साधी पॅरासिटामॉल, तीही डॉक्टरांना विचारून ठरलेल्या मात्रेत.

आता आबांची चक्कर. दाब उतरवणारी तीन औषधं एकाच घोटात, चहाखेरीज पोट रिकामं, पहाटेचा गारवा, मग वाकून दार मोडायचं आणि सरळ उभं राहायचं. यात दाब उतरायला सगळ्या वाटा मोकळ्या आहेत. बारा वर्षं अ‍ॅम्लोडिपिन एकटं होतं, आता त्याला दोन सोबती आले आहेत. आणि खालचा दाब ६० च्या खाली जाणं अशा हृदयाला परवडत नाही, कारण विसाव्याच्या वेळी अरुंद धमनीतून रक्त ढकलणारा दाब तोच. दुसरी शक्यता नाडीची. ठोक्याचा निरोप वरच्या कप्प्यांतून खालच्या कप्प्यांत नेणारं विजेचं ठाणं बहुतेकांत उजव्या धमनीवर पोसतं, आणि आबांच्या त्याच धमनीत ६० टक्के अडथळा आहे. मेटोप्रोलॉलनं तिथला निरोप वाजवीपेक्षा रखडतोय का, हे साध्या ईसीजीत दिसतं. तो या आठवड्यातच काढून घ्या. डोळ्यांपुढं अंधारी येऊन आबा पडले किंवा नाडी ५० च्या खाली गेली तर त्याच दिवशी.

मेटोप्रोलॉल मनानं बंद मात्र करू नका. त्याच्या दडपणाखाली हृदयावरचे अ‍ॅड्रेनालिन झेलणारे ग्राहक (रिसेप्टर) वाढलेले असतात. गोळी अचानक सुटली की तेच अ‍ॅड्रेनालिन जास्त जोरात लागतं, नाडी उसळते आणि अरुंद धमनीच्या माणसाला अटॅक येऊ शकतो. कमी करायची झाली तर डॉक्टर एक-दोन आठवड्यांत पायरीपायरीनं करतील. बहुतेक वेळा तेवढंही लागत नाही. अ‍ॅम्लोडिपिन रात्रीकडं ढकलणं, किंवा त्याची गरज उरली आहे का हे तपासणं, एवढ्यानं काम होतं. दाब खालीच राहत असेल तर नाडी आणि दाब यांना फारसा हात न लावणारं रॅनोलाझिन हा एक पर्याय असतो. अँजिओप्लास्टी होईपर्यंत पहाटेची पाण्याची पाळी दुसऱ्या कुणावर सोपवा. गारठ्यात अंधारात एकटं फावडं मारणं आबांनी या तीन आठवड्यांत करूच नये.

भेटीला जाताना पाच दिवसांची वही घेऊन जा. सकाळी गोळीआधी आणि गोळीनंतर दोन तासांनी पाच मिनिटं बसवून दाब आणि नाडी मोजा. मग उभं करून एका मिनिटानं आणि तीन मिनिटांनी पुन्हा. उभं राहिल्यावर वरचा आकडा २० नं किंवा खालचा १० नं उतरत असेल, तर त्या ओळीला खूण करा आणि समोर लिहा, आदल्या चार तासांत कोणती गोळी कधी घेतली होती.